तैमाच्या खडकावरचं नाव

सौदी अरेबियाचा नकाशा उघडा आणि वायव्य कोपऱ्यात बघा. तिथे तबूक प्रांत आहे आणि त्या प्रांतात तैमा नावाचं एक जुनं गाव आहे. चारही बाजूंना वाळवंट आणि मधोमध खजुराची हिरवीगार बाग. बागेत बीर हद्दाज नावाची प्रचंड मोठी विहीर आहे. पूर्वी तिच्या काठावर एकाच वेळी कितीतरी उंट जुंपून पाणी काढायचे. पाणी असलं की माणसं थांबतात आणि माणसं थांबली की बाजार भरतो. म्हणून हजारो वर्षं व्यापाऱ्यांचे तांडे तैमाला थांबत आले. तांडा म्हणजे उंट-गाढवांवर माल लादून एकत्र प्रवास करणारी माणसं.

२०१० साली या तैमाजवळच्या एका खडकावर काही खुणा सापडल्या. दोन उभ्या, लांबट चौकटी आणि त्यांच्या आत छोटी छोटी चित्रं. ती अरबी नव्हती, अरमाईकही नव्हती. ती इजिप्तची चित्रलिपी होती. अशा चौकटीला कार्तूश म्हणतात. इजिप्तमध्ये फक्त राजघराण्यातल्या माणसाचं नाव असं चौकटीत लिहीत. म्हणजे आपल्याकडे जशी महाराजांची राजमुद्रा असते, तसाच काहीसा प्रकार. तज्ज्ञांनी ते नाव वाचलं. ते होतं रामसेस तिसरा या राजाचं. सौदी अरेबियात सापडलेला हा पहिलाच चित्रलिपीतला लेख आहे, असं तेव्हा तिथल्या पुरातत्त्व खात्याने जाहीर केलं.

रामसेस तिसरा तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचा महाल नाईल नदीच्या काठी. तैमा तिथून कितीतरी दूर, मध्ये सिनाईचं वाळवंट आणि अकाबाचं आखात. मग त्याचं नाव इथे कोणी कोरलं? आणि एवढं लांब येऊन का कोरलं?

पुण्याजवळच्या जुन्नरला ज्यांचं आजोळ आहे, त्यांना नाणेघाट माहीत असेल. कोकणातून वर देशावर येणारी ती जुनी व्यापारी वाट. तिथल्या गुहेत सातवाहन राजघराण्याचा लेख कोरलेला आहे. वरच्या बाजूला एक दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकायचे, असं लोक सांगतात. वाटेवर राजाचं नाव कोरलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं, ही वाट कोणाची आहे ते. तैमाच्या खडकावरही बहुतेक तसंच झालं असावं. पण ते समजून घ्यायचं तर आधी त्या राजाची गोष्ट ऐकायला हवी.

मोठ्या नावाचा राजा

रामसेस तिसरा हा सेतनख्त नावाच्या राजाचा मुलगा. सेतनख्तच्या आधी इजिप्तमध्ये गादीवरून बरीच भांडणं झाली होती. सेतनख्तने ती थांबवली, पण राज्य केलं जेमतेम तीन-चार वर्षं. त्याच्यानंतर इसवी सनापूर्वी ११८६ च्या सुमाराला हा मुलगा फॅरो झाला. फॅरो म्हणजे इजिप्तचा राजा.

त्याने स्वतःसाठी जे नाव घेतलं, ते एका जुन्या, फार प्रसिद्ध राजाचं होतं. रामसेस दुसरा. त्याने ६० वर्षांहून जास्त राज्य केलं होतं आणि देशभर आपले भव्य पुतळे उभारले होते. आपल्या राजाचा त्याच्याशी बाप-लेकाचा संबंध नव्हता. पण याला अगदी त्याच्यासारखंच व्हायचं होतं. त्याने आपल्या मुलांची नावंसुद्धा त्या जुन्या रामसेसच्या मुलांवरून ठेवली! आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यात प्रेम असतं. इथे मात्र प्रेमापेक्षा महत्त्वाकांक्षा जास्त दिसते, असं मला वाटतं.

काळ मात्र बदलला होता. जुन्या रामसेसच्या वेळी इजिप्त श्रीमंत होतं. या रामसेसच्या वेळी सगळीकडे गडबड होती. आजच्या तुर्कस्तानातलं हित्ती लोकांचं बलाढ्य राज्य कोसळत होतं. सीरियाच्या किनाऱ्यावरचं उगारित नावाचं श्रीमंत बंदर जळून खाक झालं. गावंच्या गावं उठून चालायला लागली होती. का? दुष्काळ, लढाया, बंद पडलेला व्यापार अशी बरीच कारणं सांगतात. त्यावर अजूनही वाद चालू आहेत.

राज्याच्या पाचव्या वर्षी पश्चिमेकडून लिबियाचे लोक चालून आले. आठव्या वर्षी उत्तरेकडून आले ते लोक आज इतिहासात समुद्रातले लोक म्हणून ओळखले जातात. अकराव्या वर्षी पुन्हा लिबियाचे. रामसेसने तिन्ही वेळा त्यांना परतवून लावलं. आठव्या वर्षीची लढाई सगळ्यात मोठी. शत्रूची गलबतं नाईल नदीच्या मुखात शिरली, तेव्हा काठावर इजिप्तचे तिरंदाज रांगेत उभे होते. गलबतं मध्येच अडकली. वरून बाणांचा पाऊस, समोर इजिप्तची जहाजं. पळायला जागाच नव्हती.

या लढाया आपल्याला माहीत आहेत, कारण राजाने त्या भिंतीवर कोरून घेतल्या. लक्सर शहरासमोर, नाईलच्या पश्चिम काठावर मेदिनेत हाबू नावाचं त्याचं देऊळ आजही उभं आहे. तिथली अक्षरं इतकी खोल कोरली आहेत की काही ठिकाणी आत हात जातो. इजिप्तमध्ये नवे राजे जुन्या राजांची नावं घासून तिथे आपलं नाव लिहायचे. रामसेसला हे चांगलं ठाऊक होतं. आपलं नाव कोणालाही पुसता येऊ नये, म्हणून त्याने ही काळजी घेतली असं मानतात.

त्या भिंतींवर एक चित्र आहे. लढाईच्या गर्दीत बैलगाड्या दिसतात आणि त्या गाड्यांत बायका आणि लहान मुलं बसलेली आहेत. राजाच्या लेखात हे सगळे शत्रू. पण बायका-मुलांना गाडीत घालून कोणी नुसतं लुटायला निघत नाही. ती माणसं नवं घर शोधत असणार. त्यांच्यातल्या पेलेसेत नावाच्या लोकांवरूनच पुढे पॅलेस्टाईन हे नाव आलं, असं मानतात. दुसऱ्या एका चित्रात कारकून बसून शत्रूच्या तोडलेल्या हातांचे ढीग मोजतायत. किती शत्रू मेले याचा तो हिशोब. हे बघताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा ते अभिमानाने कोरलं होतं.

दूरच्या वाटा

लढाया संपल्या आणि राजाला सामान हवं झालं. देवळांसाठी तांबं, निळे खडे, धूप. इजिप्तमध्ये देवापुढे रोज धूप जाळायचे आणि तो धूप यायचा लांबून.

रामसेसच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने वडिलांच्या कामाची एक भलीमोठी यादी लिहून घेतली. तो पपायरस आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पपायरस म्हणजे नाईलकाठच्या लव्हाळ्यापासून केलेला कागद. हा पपायरस ४० मीटरपेक्षाही लांब आहे. म्हणजे क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तर जेवढ्या होतील, जवळजवळ तेवढा! त्यात लिहिलंय की राजाने अतिका नावाच्या ठिकाणी माणसं पाठवली. काही जहाजाने गेली, काही गाढवांवरून. ती भरपूर तांबं घेऊन आली.

हे अतिका म्हणजे बहुतेक तिम्ना. अकाबाच्या आखाताच्या टोकाजवळची, आजच्या इस्रायलमधली तांब्याच्या खाणींची दरी. तिथे १९६९ मध्ये बेनो रोथेनबर्ग या संशोधकाला एक लहानसं देऊळ सापडलं. हातोर नावाच्या इजिप्शियन देवीचं. देऊळ छोटं, पण आत हजारो बारीक वस्तू. मणी, ताईत, बांगड्यांचे तुकडे, स्कॅरब. स्कॅरब म्हणजे शेणकिड्याच्या आकाराचा कोरीव खडा. पाठीवर किडा, पोटावर नाव किंवा नक्षी. आणि बऱ्याच वस्तू फायन्सच्या होत्या. फायन्स कसं करतात ते सांगतो. पांढरी वाळू दळून तिचा लगदा करायचा, साच्यात घालून आकार द्यायचा आणि भट्टीत भाजायचा. भाजताना वरती निळा-हिरवा चकचकीत थर येतो. तो रंग तांब्यामुळे येतो. स्वस्त, सुंदर आणि खिशात मावेल असं! (तेव्हा खिसे नव्हते, कनवटीला म्हणा हवं तर.)

देवळाच्या वरच्या कड्यावर रामसेस तिसरा देवीला नैवेद्य देतोय असं चित्र कोरलं आहे. खाली ते कोरून घेणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आहे. तो राजाच्या खास सेवकांपैकी होता. राजा स्वतः कधी तिथे गेला नसणार. नाव मात्र गेलं.

आता एक गंमत बघा. तिम्नाच्या त्या देवळात इजिप्तच्या वस्तूंसोबत रंगीत नक्षीची भांडीही सापडली. पक्षी, वेलबुट्ट्या, लाल-तपकिरी रेघा. ही भांडी इजिप्तची नव्हेत. ती कुरय्याची. कुरय्या आजच्या सौदी अरेबियात, तबूकच्या वायव्येला आहे. तिथे कुंभारांच्या भट्ट्या सापडल्या आहेत. म्हणजे इजिप्तची माणसं आणि अरबस्तानची माणसं एकाच खाणीवर काम करत होती आणि एकाच देवीपुढे हात जोडत होती.

आणि तिथून पुढे तैमा. रामसेस तिसऱ्याचं नाव सिनाईत सापडलं, अकाबाच्या आखाताच्या टोकाशी नाहाल रोदेद इथे सापडलं आणि मग तैमाजवळ. नकाशावर हे ठिपके जोडले की रेघ दिसते. नाईलच्या मुखापासून अरबस्तानच्या आतपर्यंत जाणारी वाट. हे लोक तैमाला कशासाठी गेले ते खडकावर लिहिलेलं नाही, नुसतं नावच आहे. अभ्यासकांचा अंदाज असा, की दक्षिणेकडून येणारा धूप आणि इतर मौल्यवान माल तैमात मिळायचा आणि इजिप्तला तो मधल्या दलालांशिवाय हवा होता.

तैमामध्ये सौदी आणि जर्मन संशोधक २००४ पासून एकत्र खोदकाम करत आले. तिथेही जुन्या इमारतींच्या मातीत इजिप्तच्या किंवा इजिप्शियन धाटणीच्या छोट्या वस्तू मिळाल्या. फायन्सच्या, हस्तिदंताच्या, बोटाएवढ्या. संग्रहालयात अशा वस्तूंसमोर लोक फार वेळ थांबत नाहीत. सोनं नाही, मोठा पुतळा नाही, अर्धी तुटलेली मूर्ती आणि बाजूला छोटीशी पाटी. पण पुतळा जिथे बसवला तिथेच राहतो. मणी मात्र माणसाबरोबर फिरतो. कोणीतरी तो गळ्यात घातला, शेकडो मैल चालला, तैमात कोणाला तरी विकला किंवा देवाला वाहिला. वाटा कुठून कुठे जात होत्या, हे पुतळ्यापेक्षा मणी चांगलं सांगतो.

धान्य कुठे आहे?

भिंतीवरचा राजा कधी हरत नाही, कधी थकत नाही, त्याच्या राज्यात कोणी उपाशी नसतं. खरं काय होतं ते आपल्याला दगडाच्या कपच्यांवर आणि जुन्या पपायरसच्या तुकड्यांवर वाचायला मिळतं.

देर अल-मदिना नावाचं एक गाव होतं. राजांची थडगी कोरणारे कारागीर तिथे बायका-मुलांसह राहायचे. ही माणसं हुशार. बऱ्याच जणांना लिहिता यायचं. पपायरस महाग, म्हणून ती रोजचं लिखाण चुनखडीच्या कपच्यांवर किंवा फुटक्या मडक्याच्या खापरांवर करायची. धुण्याचे कपडे किती दिले, कोणाकडून गाढव भाड्याने घेतलं, कोणाचं कोणाशी भांडण झालं. रामसेस दुसऱ्याच्या काळातल्या एका कपचीवर तर हजेरीपट आहे. अमका आला नाही, कारण त्याला विंचू चावला. अशा हजारो कपच्या सापडल्या आहेत आणि त्या आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत.

या कारागिरांना पगार पैशात मिळत नव्हता, नाणी तेव्हा नव्हतीच. महिन्याला धान्याची पोती मिळायची. भाकरीसाठी गहू आणि बिअरसाठी जव. शिवाय मासे, भाजी, तेल, कपडे. आपल्या भाषेत रेशन म्हणा. रामसेसच्या राज्याच्या २९ व्या वर्षी हे रेशन वेळेवर येईना. एके दिवशी कारागिरांनी हिशोब केला, १८ दिवस उलटून गेले होते आणि घरात दाणा नव्हता.

त्यांनी हत्यारं खाली ठेवली. चौकीची नाकी ओलांडून सगळे बाहेर पडले आणि एका जुन्या राजाच्या देवळामागे जाऊन बसले. अधिकारी धावत आले. समजूत घातली, मोठमोठी वचनं दिली, तरी कोणी हललं नाही. दुसऱ्या दिवशी ते रामसेस दुसऱ्याच्या देवळाशी जाऊन बसले. मारामारी नाही, लूट नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली, हे राजाला लिहून कळवा. शेवटी धान्य मिळालं. पण पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, आणि पुन्हा ते बाहेर पडले.

आपण याला संप म्हणतो. लेखी पुरावा असलेला हा जगातला सगळ्यात जुना संप मानला जातो. ज्यांचे आजोबा मुंबईच्या गिरणगावात राहिले असतील, त्यांनी १९८२ च्या गिरणी संपाच्या गोष्टी घरी ऐकल्या असतील. संपात चूल कशी पेटते, हे त्या आजोबांना विचारा. देर अल-मदिनाच्या बायकांनाही तोच प्रश्न पडला असणार.

हे सगळं अमेननख्त नावाच्या कारकुनाने लिहून ठेवलं. तो पपायरस इटलीत तूरिनच्या इजिप्शियन संग्रहालयात आहे. त्यातली एक नोंद मला विशेष वाटते. त्याच सुमाराला राजाच्या ३० वर्षांच्या राज्याचा मोठा उत्सव जवळ आला होता. राजाचा वजीर, म्हणजे प्रधान, उत्सवासाठी देवांच्या मूर्ती न्यायला तिथे आला. कारागिरांना भेटायला मात्र तो गेला नाही. कोठारातच काही नाही, जे आहे ते देतो, असा निरोप त्याने पाठवला. देवळांना मात्र राजाने अमाप जमीन, गुरं आणि धान्य दिलं होतं. त्या ४० मीटर लांब यादीत बहुतेक तेच आहे!

रामसेसला हे सगळं ठाऊक होतं का? त्याच्यापर्यंत निरोप पोचला का? ते कुठेच लिहिलेलं नाही.

घरातले शत्रू

राजा आता म्हातारा झाला होता. बाहेरचे शत्रू त्याने तीनदा हरवले, पण शेवटचा घाव आला घरातून.

त्याच्या अनेक राण्यांपैकी एकीचं नाव तिये. आपला मुलगा राजा व्हावा असं तिला वाटे. पण गादी ठरली होती दुसऱ्या मुलासाठी, जो पुढे रामसेस चौथा झाला. तियेने महालातले अधिकारी, नोकर आणि काही बायकांना हाताशी धरलं. काहींनी तर जादूटोणा केला. मेणाच्या बाहुल्या केल्या, पहारेकऱ्यांची ताकद जावी म्हणून मंत्र लिहिले. आपल्याकडेही दृष्ट लागू नये म्हणून काळी बाहुली टांगतात. इथल्या बाहुल्यांचं काम अगदी उलटं होतं.

कट उघडा पडला. खटला चालवायला १२ जणांची नेमणूक झाली. त्या खटल्याची नोंदही तूरिनच्याच संग्रहालयात आहे. दोषींपैकी काहींची खरी नावं त्यात लिहिलेलीच नाहीत. त्यांना मुद्दाम वाईट नावं दिली आहेत. एकाचं नाव असं, की सूर्यदेव रा त्याचा तिरस्कार करतो. नाव पुसलं की माणूस कायमचा संपतो, असं इजिप्तमध्ये मानत. म्हणून ही शिक्षा मरणाहून मोठी. तियेच्या मुलाला तिथे पेंतावेरे म्हटलंय, आणि तेही त्याचं खरं नाव नव्हे. त्याला स्वतःच्या हाताने जीव द्यावा लागला. मजा म्हणजे, मजा कसली, लाज म्हणजे, न्याय करायला बसलेल्यांपैकी काही जण आरोपी बायकांबरोबर मेजवानी करताना सापडले. त्यांचे नाक-कान कापले.

पण राजा या हल्ल्यातून वाचला की मेला? त्या खटल्याच्या कागदात हे स्पष्ट सांगितलेलं नाही. एवढंच नक्की, की त्याने ३१ वर्षं राज्य केलं आणि ३२ व्या वर्षी, इसवी सनापूर्वी ११५५ च्या सुमाराला तो वारला. पुढची ३००० वर्षं हे कोडं तसंच राहिलं.

तुकडे

राजाला राजांच्या दरीतल्या थडग्यात ठेवलं. काही पिढ्यांतच चोरांनी ती दरी धुंडाळली. तेव्हा पुजाऱ्यांनी राजांच्या ममी उचलल्या, पुन्हा कापडात गुंडाळल्या आणि डोंगरातल्या एका खोल भुयारात लपवल्या. घाई इतकी, की रामसेसला एका जुन्या राणीच्या शवपेटीत ठेवलं. ते भुयार १८८१ मध्ये अधिकाऱ्यांना समजलं. रामसेसची ममी १८८६ मध्ये उघडून पाहिली गेली. गळ्याभोवती कापडाची जाड पट्टी होती. ती तशीच राहू दिली.

त्याच्या इतर वस्तूंचं काय झालं ते सांगायचं तर जगाचा नकाशा लागेल. त्याच्या दगडी शवपेटीचा खालचा भाग पॅरिसला लूव्र संग्रहालयात आणि झाकण इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात! मेदिनेत हाबूच्या महालात वीतभर उंचीच्या रंगीत फरशा होत्या. त्यांवर लिबियाचे, नुबियाचे, सीरियाचे कैदी, प्रत्येकाचा पोशाख वेगळा. त्यातल्या काही आज कैरोत, काही अमेरिकेत बोस्टनला. तेल अल-यहुदिया इथल्या त्याच्या दुसऱ्या इमारतीत फायन्सची बारीक गोल फुलं भिंतींना जडवली होती. ती तर मूठमूठ वेगवेगळ्या संग्रहालयांत गेली. तुम्ही ज्या शहरात राहता तिथे मोठं संग्रहालय असेल, तर इजिप्तच्या दालनात खालच्या कप्प्यांत नीट बघा. एखादं निळं फूल दिसेलही.

२०१२ साली संशोधकांनी रामसेसच्या ममीचा सीटी स्कॅन जाहीर केला. म्हणजे कापड न सोडता आतलं बघितलं. गळ्यावरच्या जाड पट्टीखाली सुमारे ७ सेंटिमीटर रुंद जखम होती. हाडापर्यंत खोल. धारदार शस्त्राने गळा चिरला होता आणि ही जखम झाल्यावर माणूस वाचणं शक्य नव्हतं. कट यशस्वी झाला होता! नंतरच्या तपासणीत पायाचा अंगठाही तोडलेला आढळला. म्हणजे मारेकरी एकाहून जास्त असावेत, असं काही तज्ज्ञांचं मत आहे. त्याच भुयारात बकऱ्याच्या कातड्यात गुंडाळलेली एका तरुणाची ममी सापडली होती. इजिप्तमध्ये ते कातडं अपवित्र मानत. त्याची आनुवंशिक तपासणी केली, तर तो रामसेसचा मुलगा असू शकतो असं दिसलं. बहुधा तोच पेंतावेरे.

आणि त्या जखमेत आणखी काहीतरी होतं. जेमतेम दीड सेंटिमीटरचा एक ताईत. होरस देवाचा डोळा. इजिप्तमध्ये हा डोळा जखम भरून काढतो असं मानत. गोष्टीत होरसचा डोळा फुटतो आणि पुन्हा बरा होतो. ज्यांनी राजाचं शरीर तयार केलं, त्यांना तो कसा मेला हे माहीत होतं. भिंतीवर ते कधीच कोरता आलं नसतं. त्यांनी जखमेत तो डोळा ठेवला, वरून पट्टी बांधली आणि कोणाला काही सांगितलं नाही. चोरांनी सोनं नेलं, पुजाऱ्यांनी नवं कापड गुंडाळलं, अभ्यासकांनी कापड सोडलं, पण हा डोळा कोणाच्याच हाती लागला नाही.

३ एप्रिल २०२१ ला कैरोत २२ ममींची मोठी मिरवणूक निघाली. त्यांना नव्या राष्ट्रीय संग्रहालयात न्यायचं होतं. प्रत्येक गाडीवर एका राजाचं किंवा राणीचं नाव लिहिलं होतं, त्यात रामसेस तिसराही होता. रस्त्यावर दिवे, बँड, घोडे, टीव्हीचे कॅमेरे. आणि कापडाच्या आत, गळ्याशी, तो डोळा.